खड्ड्याचं विरजण

महापालिकेचे साहेब खतखड्डा तपासायला आले, तेव्हा गंगाधररावांचा जीव मुठीत होता. ओला कचरा खड्ड्यात आणा म्हणून इंदिरानगरच्या आपल्या सोसायटीत त्यांनी सहा महिने दारोदार घसा फोडला होता. येणारे मोजके चार. खड्डा आज पास झाला नाही, तर तो बुजवून तिथे गाड्या लावायच्या, असं मीटिंगमध्ये ठरलेलं. त्या ठरावाला मात्र एकूण एक हात वर झाले होते!

कचरा लवकर कुजावा म्हणून त्यांनी आंबट ताक, गूळ आणि शेण बरणीत मुरवलं होतं. त्याला ते कौतुकानं ‘विरजण’ म्हणत. सोमवारी त्यांच्या बायकोनं, लतिकाताईंनी, झाकणाच्या डब्या भरून दिल्या आणि यांनी “घ्या विरजण” म्हणत घरोघर वाटल्या. ते कचऱ्यात घालायचं, हे सांगायचं घाईत राहूनच गेलं. उरलेल्या डब्या त्यांनी स्वतः खड्ड्यात रिकाम्या केल्या.

साहेब खड्ड्यात डोकावत होते, तेवढ्यात तळमजल्यावरच्या आक्काबाई मठ्ठा घेऊन आल्या. साहेबांनी एक ग्लास संपवून दुसरा तोंडाला लावला.

“झकास! दही कुठलं हो, आजी?”

“दूध आमच्या सायखेड्याचं, अन् इरजण या गंगाधरभाऊंचं! लय गुणाचं हाय.”

गंगाधररावांना दरदरून घाम फुटला. अरे देवा! आपण तर शेण खाल्लंच, साहेबांनाही पाजलं! गप्प बसावं तर साहेब तिसरा ग्लास मागत होते, बोलावं तर खड्डा गेला. पण माणूस सरळ.

“थुंका साहेब, थुंका! ते खड्ड्याचं विरजण, त्यात शेण आहे!”

साहेबांच्या हातून ग्लास सुटला. “अगं बया!” आक्काबाई मटकन खाली बसल्या. “मी तर कढी बी केली त्याची!”

“अहो, कसलं शेण?” लतिकाताई पुढे आल्या. “तुमची ती बरणी मी रविवारीच झाडांना ओतली, नाक धरून. डब्यांत घरचं दही भरलं.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही बोलायचे थांबाल तर सांगणार ना!”

साहेबांचा जीव भांड्यात पडला. “म्हणजे या खड्ड्याला दही लावलंय?”

“हो, आणि लागलंय पण छान,” लतिकाताई म्हणाल्या.

साहेबांनी हसत हसत ‘पास’ लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात अख्खी सोसायटी, हातात वाट्या! गंगाधरराव बघतच राहिले. कचऱ्यासाठी सहा महिन्यांत यातली निम्मीही माणसं फिरकली नव्हती.

“आधी बादली खड्ड्यात, मग विरजण,” लतिकाताईंनी बजावलं. माणसं मुकाट्यानं बादल्या आणायला वळली.

“आणि तुम्ही काय बघत उभे राहिलात?” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “दोन लिटर दूध जास्तीचं आणा!”