समोरच्या ग्वेनबाईचा पडदा

आमच्या समोरची ग्वेनबाई रोज सकाळी चहाच्या आधी एक काम उरकते. गल्लीत कोण कोण जिवंत आहे ते बघून येते.

अंगात गुलाबी गाऊन, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात काठी. बर्फ असो, ऊन असो, बाई निघाली. प्रत्येक घराच्या पुढच्या खिडकीकडे बघते. पडदा उघडा असला तर आतलं माणूस जिवंत. बंद असला तर काठीने दार ठोकायचं. आतून कुणी डोळे चोळत आलं की "नाऊ देन!" म्हणायचं, म्हणजे आपलं 'काय मग', त्याला खालपासून वरपर्यंत बघायचं आणि पुढच्या घराकडे वळायचं. सॉरी वगैरे नाही. माणूस जिवंत निघालं, यात सॉरी कशाबद्दल?

मी अमेरिकेत एडिसनला मुलाकडे राहते. संजय माझा मुलगा, रसिका सून. दोघंही कॉम्प्युटरमध्ये. मालक गेल्यावर संजय मला इकडे घेऊन आला. माझं शिक्षण चौथीपर्यंत, आणि इंग्रजी म्हणाल तर 'यू कम, टी रेडी' एवढं. ते ग्वेनबाईला पुरतं. कारण इंग्रजी तिचीही भाषा नाही, ती शाळेत शिकली. मांजराशी, झाडांशी आणि देवाशी ती तिच्या भाषेत बोलते. इंग्रजी बँकेत आणि माझ्याशी. तिचं बोलणं मी इथे आपल्या भाषेत लिहिते आहे, ती मात्र ते हेल काढून, ओवी म्हटल्यासारखं बोलते.

ती वेल्सची. इंग्लंडला चिकटून मुलूख आहे. चिकटून आहे असं तिच्यासमोर म्हणायचं नाही, मी एकदा म्हटलं तर आठ दिवस तिच्याकडून येणारा केक बंद झाला. डोंगराच्या उतारावर तिचं खेडं. काळ्या दगडाच्या छपरांची घरं, एकाला एक लागून. एवढ्याशा गावात अर्ध्या लोकांचं आडनाव जोन्स. मग ओळखायचं कसं? धंद्यावरून. दूधवाला तो जोन्स द मिल्क, मयतीची पेटी करणारा तो जोन्स द बॉक्स. मला यात नवल वाटलं नाही. आमच्या गावात गिरणीचा तुका होता, एसटीचा शंकर होता, आणि मी कडक सुमन होते.

आमच्या गल्लीलाही तिने नावं ठेवली. पण इथे धंदा लावून भागेना, अर्धी गल्ली कॉम्प्युटरवाली. मग तिने खोडी लावली. संजय झाला संजय द ग्रास, कारण आमच्या अंगणातलं गवत कधी वेळेवर कापलेलं नसतं. रसिका द फोन, ती मीटिंग घेत गाडीभोवती फिरते म्हणून. शेजारची पटेलबाई मिसेस द गराज, कारण तिचं गराज तिच्या संसारापेक्षा नीट आहे. आणि मी सुमन द विंडो, दिवसभर खिडकीत बसते म्हणून. कुणाला राग आला तर येऊ दे, ग्वेनबाईला काही फरक पडत नाही.

आवडलं नाही की ती "आख-अ-वी!" म्हणते. आपलं 'शी!' आहे ना, तेच, पण घशातून. बाजारच्या केकला आख-अ-वी. रिमोटने वरखाली होणाऱ्या पडद्यांना आख-अ-वी. माझ्या लसणाच्या चटणीला पहिल्या दिवशी आख-अ-वी, दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन दारात.

हे पडद्याचं खूळ आलं कुठून, ते तिने मला सांगितलं होतं. तिची आई आणि चुलती शेजारी शेजारी राहायच्या, मध्ये एक भिंत. चुलतीने जॅम करायचं मोठं पातेलं नेलं आणि बुडाला जाळून परत दिलं. झालं. बोलणं बंद. देवळात वेगळ्या बाकावर, कपडे वाळत घालायचे तर एकमेकींकडे पाठ करून. वर्षानुवर्षं. पण सकाळी आईचा पडदा उघडायला उशीर झाला की चुलती चुलीतला लोखंडी गज घेऊन मधली भिंत ठोकायची. आई आतून भिंतीवर बूट मारायची. म्हणजे, आहे जिवंत, आता गप बस.

"पातेलं?" मी विचारलं.

"पातेल्याचं भांडण चालूच राहिलं," ती म्हणाली. "त्याचा याच्याशी काय संबंध?"

मला ते पटलं. रसिकाला पटणं शक्य नव्हतं.

तसं माझं आणि रसिकाचं फार वाकडं नाही. फोडणी दिली की धुराचा अलार्म वाजतो, ती पळत येऊन टॉवेल हलवते आणि म्हणते, "आई, एक्झॉस्ट लावा ना." मी म्हणते, "फोडणीला आवाज असतो, एक्झॉस्टमध्ये तो ऐकू येत नाही." तिला सगळं झाकून हवं, मला सगळं उघडं. दोन बायका एका स्वयंपाकघरात असल्या की एवढं चालायचंच.

पण एका शनिवारी जरा जास्त झालं. आदल्या दिवशी आम्ही लांबच्या लग्नाहून उशिरा आलो होतो, सगळे मेल्यासारखे झोपलो. पडदे बंद. ग्वेनबाईने दार ठोकलं, खिडकीवर खडे मारले आणि शेवटी पोलिसांना फोन केला. दारात लाल-निळे दिवे, दोन पोलीस, आणि रसिका नाइटीत, केस पिंजारलेले. मागे काठी टेकून ग्वेनबाई. तिने आम्हां तिघांना नीट बघितलं, "नाऊ देन," म्हणाली आणि घरी गेली.

रसिकाने दार लावलं. "हे नॉर्मल नाहीये आई! त्यांना हेल्प हवी आहे." तिने कुठून तरी ग्वेनबाईच्या मुलीचा नंबर मिळवला आणि तिला लांबलचक मेसेज केला. मुलगी मेगन, तिकडे अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, बेलव्ह्यूला मोठ्या ऑफिसात आहे. ती विमानाने आली. आईला जवळ नेऊन ठेवायचं, म्हाताऱ्यांच्या जागेत एक छान खोली बघून ठेवली आहे, असं म्हणाली. आणि तोपर्यंत दारं ठोकायची नाहीत, पोलिसांना फोन करायचा नाही, असं आईकडून कबूल करून घेतलं.

ग्वेनबाई माझ्याकडे येऊन बसली. चहा घेतला. "त्या खोलीची खिडकी आतल्या बागेकडे आहे," एवढंच म्हणाली. "समोर घरं नाहीत."

त्याच आठवड्यात सूर्यग्रहण आलं. मी फार सोवळ्यातली नाही, पण ग्रहण पाळते. माझी आई पाळायची, मी पाळते, यापुढे कुणी पाळेल असं वाटत नाही. संजय, रसिका ऑफिसला गेले होते. दुपारी मी पाण्यात तुळशीचं पान टाकलं, वरखालचे सगळे पडदे ओढले, फोन बंद केला आणि भिंतीकडे तोंड करून जपाला बसले. मध्ये एकदा बेल वाजली. उठले नाही. ग्रहणात मी मौन धरते.

बाहेर काय झालं ते पटेलबाईने नंतर सांगितलं.

गल्लीतले सगळे लोक कागदी काळे चष्मे लावून रस्त्यात उभे, वर बघत, चिप्स खात. ग्वेनबाईचं लक्ष वर नव्हतं, ती आमच्या घराकडे बघत होती. आता तिच्या गावची रीत अशी: सकाळी पडदा उघडला नाही तर काहीतरी गडबड आहे, जाऊन बघायचं. पण सकाळी उघडलेला पडदा भरदुपारी सगळ्या घराने ओढून घेतला तर घरात मयत झाली. मग दार ठोकायचं नाही. एकदा बेल वाजवायची, खायला ठेवायचं, आणि माती होईपर्यंत शेजाऱ्यांनीही आपले पडदे ओढायचे.

घरात म्हातारी मी, म्हणजे गेले असणार मीच. तिने बरोब्बर तसंच केलं. घरी जाऊन काळा कोट घातला, काळी हॅट घातली. मग काठी घेऊन रस्त्यात आली आणि म्हणाली, "लाज नाही वाटत? चष्मे काढा. सुमन द विंडो गेली."

सगळ्यांनी चष्मे काढले. मेगनने रसिकाला फोन केला, "माझी आई असं म्हणते आहे, खरं आहे का मला माहीत नाही." रसिकाने मला फोन लावला, तो बंद. संजय मीटिंगमध्ये.

ग्रहण सुटलं. मी डोक्यावरून अंघोळ केली, पांढरं लुगडं नेसले, केस मोकळे सोडले आणि दार उघडलं.

पायरीवर पातेलीच पातेली. ढोकळा, पास्ता, ग्वेनबाईचा केक, फुलं, एक मेणबत्ती. समोरच्या एकूण एक घराचे पडदे ओढलेले. पायरीच्या खाली खुर्ची टाकून ग्वेनबाई राखण करत बसलेली. आणि मला तशी ओल्या केसांनी बघून पटेलबाईने जी किंकाळी मारली, ती अजून माझ्या कानात आहे.

ग्वेनबाई उठली. मला खालून वर बघितलं.

"कोण गेलं?"

"कुणी नाही."

"कुणीच नाही?"

"नाही."

"मग माझा केक परत दे," म्हणाली. पण हॅटच्या खाली डोळे लाल. मी बघितलं नाही असं केलं.

तेवढ्यात रसिकाची गाडी आली, ती सरळ गवतावर. एक चप्पल पायात, एक गाडीत राहिलेली. धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. दहा वर्षांत ही मुलगी माझ्या गळ्यात पडली नव्हती. मीही पडू दिलं नव्हतं.

"फोन का नाही उचललात आई? का नाही उचललात?"

"ग्रहण होतं."

"ग्रहण!" ती हसायला आणि रडायला एकदमच लागली. मी म्हटलं, "उन्हातून आलीस, आत ये, पाणी पी. आणि आधी अंघोळ कर."

मेगन हात बांधून उभी होती. "बघितलंत ना?" ती रसिकाला म्हणाली. "हेच म्हणते मी. सगळ्या गल्लीला रडवलं. आता मी तिला इथे ठेवू शकत नाही."

ग्वेनबाई खाली वाकून आपला केक शोधत होती.

मी रसिकाला म्हटलं, "मी बोलते ते हिला सांग, जसंच्या तसं. पडदे मी ओढले. हिच्या आईने जे ओळखायचं तेच ओळखलं. मेलेलं माणूस उठून पडदे ओढत नाही, म्हणजे ओढणारी माणसं घरात आहेत, म्हणजे दार ठोकायचं नाही. बाईचं डोकं ठिकाणावर आहे. माझ्या सुनेच्या घरात ग्रहण पाळलं जातं हे तिला माहीत नव्हतं, एवढंच. आणि तिकडच्या खोलीत ग्वेनबाईकडे बघायला पगारी बाई ठेवतील. पण तिने कुणाकडे बघायचं? बागेकडे?"

रसिकाने सगळं सांगितलं. मग माझ्या सांगण्यात नव्हतं असंही काही सांगितलं. मला सगळं कळलं नाही, पण 'माय मेसेज' आणि 'राँग' हे दोन शब्द कळले. आणि हे कळलं की रोज सकाळी ऑफिसच्या आधी रसिका समोरच्या खिडकीकडे बघेल आणि मेगनला मेसेज करेल, पडदा उघडला म्हणून.

मेगनने आईकडे बघितलं. मग खाली वाकून तिनेच तो केक उचलला. "हिवाळ्यापर्यंत बघू," म्हणाली, आणि दोन दिवसांनी एकटीच परत गेली.

ती गेल्यावर ग्वेनबाई माझ्याकडे आली. तोच केक कापला. चहात भिजत घातलेल्या मनुकांचा असतो, वर लोणी लावून खायचा. मी विचारलं, "एवढी हॅट-बिट घालून का बसलीस गं? मी तुझी कोण?"

तिने कप खाली ठेवला.

"गावात चुलती गेली तेव्हा सगळी गल्ली काळोखात होती," ती म्हणाली. "सगळ्यात आधी पडदा आईने ओढला. माझा नवरा इथे गेला, त्या दिवशी सगळ्यांच्या खिडक्या उघड्या. लोक चांगले होते, फुलं आणली. पण पडदा कुणी ओढला नाही. कुणाला माहीतच नव्हतं." मग म्हणाली, "म्हणून शिकवत फिरते. एकाला जरी कळलं तरी पुरे."

मी म्हटलं, "तू आधी मेलीस तर मी ओढेन. मी आधी मेले तर रसिकाला सांगून ठेवते."

तिने मान हलवली. "रिमोटचा नको. आख-अ-वी. कापडाचा."

दुसऱ्या दिवशी मी संजयला स्टुलावर चढवलं. माझ्या खोलीत पडद्याच्या जागी होती ती प्लास्टिकच्या पट्ट्यांची जाळी काढून टाकायला लावली आणि माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याचा पडदा शिवून लावला. रसिकाने खाली काठ दुमडून दिला. बाहेरून कसा दिसतो बघायला ती स्वतः रस्त्यात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, डाव्या बाजूला जरा वर गेलाय." मी म्हटलं, "असू दे." तरी तिने तो सारखा केला.

आता सकाळी मी तो बाजूला करते. समोर ग्वेनबाईचाही सरकतो. ती काठी वर करते, मी हात करते. खाली रसिका एका हातात टोस्ट आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन खिडकीकडे बघते, आणि मला जिन्यातून ओरडून विचारते, "आई, उघडला ना?"

"उघडला," मी म्हणते. "दोन्ही उघडले."