बापू काळेल आणि पंधरा बारचं मशीन

आमच्या वरच्या मजल्यावरचे बापू काळेल गावाला निघाले की गॅसचा रेग्युलेटर काढून पिशवीत घालतात आणि सोबत नेतात. सांगली ते म्हसवड, एसटीत, मांडीवर घेऊन. एकदा मी न राहवून विचारलं, "बापू, अहो, सिलिंडरवरून काढलात ना? मग घरातच राहू द्या की."

"राहू दिला असता. न्हाई, पन समजा, मागनं कोन आलं आन त्यानं बसवला, तर?"

"घराला कुलूप असतं ना!"

"कुलपाचं काय सांगावं, बाई."

मागे पुतण्याच्या लग्नात ही पिशवी चुकून आहेराच्या ढिगात गेली. पुकारणाऱ्याने वर न बघता माइकवर वाचून टाकलं, "बापूसाहेब काळेल, सांगली यांच्याकडून नवरदेवास टॉवेल-टोपी आणि रेग्युलेटर एक!" मांडव हसला. बापू उठून स्टेजवर गेले, रेग्युलेटर मागून घेतला आणि त्याचं रबर नीट आहे का ते तिथेच तपासलं.

"न्हाई, पन समजा" हा बापूंचा मंत्र. आमच्या विश्रामबागेतल्या इमारतीत पाठीमागे त्यांना 'समजाबापू' म्हणतात, आणि ते त्यांना माहीत आहे. उंच, किडकिडीत माणूस. शर्टाच्या खिशात पेन असावं तिथे एक छोटा डिसमिस, म्हणजे तुमचा-आमचा स्क्रू ड्रायव्हर. कुपवाडच्या एका सूत रंगवायच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं बॉयलर सांभाळला. यंत्राच्या आवाजातला फरक त्यांना भिंतीपलीकडूनही कळतो. मी शाळेत इंग्रजी शिकवते. एका रविवारी पेपर तपासत असताना दारावर थाप पडली. बापू.

"बाई, तुमच्या मिक्सरचं बेअरिंग बोलाय लागलंय."

मिक्सर मी दहा मिनिटांपूर्वी बंद केला होता. तेवढी दहा मिनिटं ते सांगावं की नाही, या चिंतेत त्यांनी जिन्यावर काढली होती.

एकतीस वर्षांत त्यांच्या बॉयलरला काही झालं नाही. ते निवृत्त झाले त्या वर्षीच्या कारखान्याच्या सभेत मालकांनी यांचं नाव घेतलं नाही; त्या साली आग विझवणाऱ्या दुसऱ्या एकाचा सत्कार झाला. हे सांगताना बापूंच्या बोलण्यात कडवटपणा नसतो. "आग लागली म्हनून तो दिसला," ते म्हणतात. "माझ्याकडं काय लागलंच न्हाई, तर मी कसा दिसनार?"

तर, एका बुधवारी बापूंकडे ट्रान्स्पोर्टची अकरा खोकी आली. बंगळुरूहून, त्यांच्या मुलीची. रूपाली तिथे कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. लग्न होऊन सहा वर्षं झालेली. खोक्यांत पुस्तकं, कपडे, कुकर, हिवाळ्यातल्या रजया. माणूस सुट्टीला येताना रजया पुढे पाठवत नाही, हे आम्हा तिघांनाही कळलं: बापूंना, त्यांच्या बायकोला म्हणजे हिराकाकूंना, आणि मला. तिचा फोन आला होता. शनिवारी सकाळी येते म्हणाली. जावयाचं नाव तिनेही काढलं नाही, यांनीही काढलं नाही. फोन ठेवताना एवढंच म्हणाली, "बापू, एका खोक्यात माझं कॉफीचं मशीन आहे. बंद पडलंय. जमलं तर बघा."

बापूंनी बाकीची दहा खोकी भिंतीला लावली आणि अकरावं उघडलं.

माझ्या शाळेला सुट्टी होती; मला वर बोलावलं ते माहितीपुस्तिका वाचायला. ओट्यावर चकचकीत स्टीलचं एक ठोकळ्यासारखं यंत्र होतं: एक घड्याळासारखा काटा, वाफेची वाकडी नळी आणि कॉफीची पूड भरून खालून अडकवायचा एक दांडा. बापू मागच्या पट्टीवरची अक्षरं चष्मा वर-खाली करून वाचत होते.

"बाई, हितं काय लिवलंय?"

"पंधरा बार. म्हणजे दाब, ना?"

बापू स्टुलावर बसले. "पंधरा? आवं, आमच्या बॉयलरला धा बार हुतं! त्याला लायसनवाला मानूस लागायचा, वर्साला इन्स्पेक्टर यायचा. आन हे पोरगी ओट्यावर घेऊन बसत हुती? नायटीवर?"

पुस्तिकेचं पहिलं पान सावधगिरीच्या सूचनांचं. ते त्यांनी दोनदा वाचायला लावलं. त्यांच्या मनातलंच कोणीतरी छापून दिल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. मग मी वाचलं, "दुरुस्ती केवळ पात्र तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी."

"पात्र म्हंजे कोन?"

"ज्याला हे काम येतं तो."

"आन येतंय का न्हाई ते कवा कळतं?"

"केल्यावर."

त्यांनी मान हलवली आणि खिशातला डिसमिस काढला. हिराकाकूंना गॅलरीत पाठवलं, मला दाराआड उभं केलं. स्वतः कुपवाडचा जुना गॉगल घालून हातभर लांबून लाटण्याने बटण दाबलं. मशीन घरघरलं. दांड्याखाली ठेवलेल्या कपात एक थेंबही पडला नाही. मग त्यांनी, पुन्हा लाटण्यानेच, वाफेच्या नळीची चावी फिरवली. नळी दोनदा थुंकली आणि तिच्यातून गरम पाण्याची धार सुरू झाली.

"बंद करा! बापू, बंद करा!" मी ओरडले.

"थांबा, बाई!" बापूंनी गॉगल कपाळावर सरकवला होता. मी त्यांना इतकं निर्धास्त कधी पाहिलं नव्हतं. "पंप जित्ता हाय. पानी तापतंय, वर येतंय. म्हंजे अडलंय ते फुडं. कॉफीच्या वाटंवर."

गुरुवारी त्यांनी दांडा अडकवतात त्या तोंडाची चाळणी काढली. एका बाजूला कॉफीची काळी खरपुडी, दुसऱ्या बाजूला क्षारांचा पांढरा थर. "जड पानी," ते म्हणाले. "तिथंबी आपल्यासारखं बोअरचंच असनार." चाळणी आम्ही लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात घातली. तेच पाणी टाकीत भरून मशीनमधूनही थोडं थोडं फिरवलं. मध्ये वीस-वीस मिनिटं थांबायचं होतं. बापू घड्याळाकडे बघत बसले होते. काकू दुसऱ्या खोलीत खोकी इकडून तिकडे करत होत्या. उघडत मात्र नव्हत्या.

"बाई," बापू एकदम म्हणाले, "तुमच्या वर्गात कवा कवा पोरं येत्यात का, वर्साच्या मधीच? दुसऱ्या शाळंतनं?"

"येतात की."

"त्यास्नी इचारता का, का आला म्हनून?"

मी सावध झाले. "पहिल्या दिवशी नाही विचारत."

"मग कवा?"

"ते स्वतःच सांगतात, बापू. कधीतरी."

"आन न्हाई सांगितलं तर?" त्यांनी चाळणी पाण्यातून काढली, उजेडात धरली, पुन्हा बुडवली. "न्हाई, पन समजा, त्यानं मारलं असंल तर? समजा, मारलं असंल, आन आमी हितं दर दिवाळीला त्याला फराळाचा डबा पाठवत हुतो?"

घड्याळात अजून बारा मिनिटं होती.

चाळणी लख्ख झाली, पण कॉफीच्या तोंडातून पाणी येईना. शुक्रवारी सकाळी त्यांनी शेवटचा संशयित पकडला. कॉफीकडे पाणी सोडणारा, विजेवर उघडणारा एक छोटा व्हॉल्व्ह. तो खोलायच्या आधी बापूंनी प्लग काढला, मग स्वयंपाकघराची वीज बंद केली, मग घराचा मेन स्विच पाडला. इमारतीच्या मीटरकडे निघाले तेव्हा मी आडवी आले. प्रत्येक वायर सोडवण्याआधी मला फोनवर फोटो काढायला लावला. एका वायरचे चार: "न्हाई, पन समजा, तीन पुसलं गेलं, तर?"

व्हॉल्व्हच्या आत बोटाच्या पेरापेक्षा लहान दांडी होती. ती जागच्या जागी अडकून बसली होती. बापूंनी ती हलक्या हाताने ओढली. सोबत तांदळाच्या कणीएवढी एक पांढरी खपली त्यांच्या तळव्यावर पडली. त्यांनी ती मला दाखवली, हाक मारून काकूंना दाखवली. "एवढीच. हिच्यापायी सगळं अडलं हुतं."

सगळं परत जोडल्यावर ओट्यावर एक स्क्रू उरला. त्याच्यापायी बापूंनी मशीन अथपासून इतिपर्यंत पुन्हा खोललं. दुपारी तीन वाजता काकूंनी कुकरचं हलतं हँडल त्यांच्यापुढे धरलं. स्क्रू तिथला होता.

"आदी सांगायचं न्हाई?" बापू करवादले.

"तुमी इचारलंत कवा?" काकू म्हणाल्या. "तीन दिस झालं, ह्या घरात कोन कुनाला काय इचारतंय?" आणि पदराने डोळे पुसत आत गेल्या. बापू हातात हँडल घेऊन तसेच उभे राहिले.

संध्याकाळी पाणी आलं. आधी थेंब, मग सरळ धार. बापू हसले नाहीत. त्यांनी तेरा वेळा चालू-बंद करून पाहिलं.

शनिवारी सकाळी रूपाली आली. ती यायच्या आधी, आठ वाजताच बापूंनी मला वर बोलावलं होतं, "मशीनवर कायबाय इंग्रजी उमटलं तर" म्हणून. खरं तर एकटं असायचं नव्हतं त्यांना. पोरगी वाळली होती. केस कापले होते. ती काकूंच्या गळ्यात पडली नाही. चपला काढल्या, हात-पाय धुतले आणि स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसली. बापू तिच्याकडे पाठ करून दांड्यात पूड भरत होते. निम्मी ओट्यावरच सांडत होती.

मशीन घरघरलं. काटा वर चढला. काळपट तपकिरी धार कपात पडली, वर फेसाची पातळ साय आली. बापूंनी कप तिच्यापुढे ठेवला आणि दोन पावलं मागे सरकले.

तिने घोट घेतला. "बापू, चालू झालं!" ती म्हणाली. "तिकडे दोघा-तिघांनी बघितलं. म्हणाले, टाकून द्या."

"टाकून कशाला द्यायचं?"

मग बापूंनी ओट्याची कड धरली आणि विचारलं, "मारत हुता का तुला?"

काकूंच्या हातातलं भांडं वाजलं. रूपालीने कप खाली ठेवला.

"नाही, बापू. मारलं कधीच नाही. बोलायचाच नाही. आधी आठवडा-आठवडा, मग महिना-महिना. शेवटची दोन वर्षं तर घरात मी आहे की नाही, हेही त्याला..." तिने हाताने काहीतरी पुसल्यासारखं केलं. "मी परत जाणार नाहीये."

"दोन वर्सं?" बापूंचा आवाज चिरकला. "आन दर रविवारी फोनवर 'सगळं बरं हाय' म्हनत हुतीस! सांगितलं का न्हाईस?"

"कसं सांगणार? तुम्ही काळजी करत बसला असता."

बापू म्हणजे जन्मभर बॉयलर, सिलिंडर, कुलपं, पुतण्यांची हेल्मेटं यांची चिंता वाहिलेला माणूस. त्यांच्या त्या चिंतेला भिऊन मुलीने दोन वर्षं एकटीने काढली होती. ते मागे सरकून दाराच्या चौकटीला टेकले. मी जायला उठले. पण दारात तेच उभे होते.

"बाळ," ते शेवटी म्हणाले, "काळजी तर मी तशीबी करतोच. झोपेतबी करतो. तू सांगितलं असतंस तर निदान कशाची करायची ते तरी कळलं असतं."

रूपालीला हसू फुटलं. ते हसता हसताच फाटलं, आणि ती ओट्यावर डोकं टेकून मोठ्याने रडायला लागली. बापू तिच्याशेजारी खाली फरशीवरच बसले. गुडघे दुखतात म्हणून गेली चार वर्षं ते फरशीवर बसलेले मी पाहिले नव्हते. त्यांनी तिच्या पावलावर हात ठेवला. काकूंनी गॅस बंद केला आणि त्याही येऊन टेकल्या.

"आता सांग," बापू म्हणाले. "सगळं सांग. पयल्यापासनं."

रूपालीने नाक पुसलं, पाय वर घेतले आणि सांगायला लागली. मी हळूच बाहेर पडले आणि दार ओढून घेतलं.