घळीतून वाहून गेलेलं हॅम

“डोळे बांधून सोडलंत ना, तरी मी त्या घळीतून कोरडी बाहेर येईन!” आयव्ही हॅसलमनं जाहीर केलं आणि चहाचा पत्र्याचा मग टेबलावर असा आपटला, की त्याच्या काठावरच्या माशीलाही ते पटलं असावं.

कोरडी ही जरा अतिशयोक्तीच होती. तिकडे नाताळ ऐन उन्हाळ्यात येतो; पण बाहेर अंगाची लाही होत असली तरी सॅडलरच्या घळीत पाणी असं गार, की त्यात पाय घातला तर आधी पाय विसरावा आणि मग स्वतःचं नाव! त्यात तो काळ वेगळा. आजच्यासारखे अंगाला चिकटणारे रबरी पोशाख तेव्हा कुणी पाहिलेही नव्हते. जुना लोकरी स्वेटर, फाटके कॅनव्हासचे बूट आणि हवेची गादी, बस्स! रात्री जिच्यावर झोपायचं, तीच गादी दिवसा होडी. घळीतून आणलेल्या ओल्या गादीवर सगळे सुखानं झोपत आणि पुढे सांधे धरले की वयाला दोष देत.

पण दर नाताळाला लागणाऱ्या त्यांच्या तंबूत या वर्षी सुख नव्हतं. आयव्हीचा जावई नेव्हिल पिलबीम यानं समुद्रकाठच्या एका फ्लॅटची रंगीत पुस्तिका सोबत आणली होती. नेव्हिल विम्याच्या कचेरीत होता. जगात माणसाचं काय काय वाईट होऊ शकतं, ते त्याला तोंडपाठ होतं.

“आई, तुमचं वय आता घळीत उड्या मारायचं राहिलं नाही,” तो म्हणाला. “पुढच्या नाताळाला आपण फ्लॅटच घेऊ. खाली दवाखाना आहे.”

“मला सुट्टीवर जायचंय, भरती व्हायला नाही!”

मुलगी रॉझलिन मध्ये पडली. “आई, हे बघ. उद्या तू घळ पार कर. तुझ्यासाठी कुणालाही मदतीला बोलवावं लागलं नाही, तर पुढच्या वर्षी पुन्हा तंबू. बोलवावं लागलं, तर फ्लॅट. आणि मग कुरकुर नाही!”

“मान्य!” आयव्ही म्हणाली. नवऱ्याच्या मागे तिला आपलं असं एवढंच उरलं होतं. युकॅलिप्टसच्या झाडाखालचा हा तंबू, ही घळ आणि रोज सकाळी डोक्यावर बसून खिदळणारे ते कुकाबुरा पक्षी. फ्लॅटच्या गच्चीत बसून ती काय बघणार होती? दुसऱ्यांच्या गच्च्या!

“कशाला पैज लावतेस गं?” तिची नणंद डॉट पुटपुटली. “मागच्या वर्षी तुला त्या खडकावरून खाली ढकलायला मी होते. तेही दोन्ही पायांनी!”

“तू गप्प बस गं!”

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं संकट उभं राहिलं ते हॅमच्या रूपानं. नाताळच्या जेवणासाठी आयव्हीनं घरून भाजून आणलेली ही डुकराची अख्खी मांडी. वर मोहरीचा आणि आल्याच्या जॅमचा लेप. तो लेप कसा करायचा हे तिनं पोटच्या पोरीलाही सांगितलं नव्हतं. आणि पेटीतला बर्फ रात्रीतच वितळून गेला होता!

“इथेच सावलीत ठेवू,” नेव्हिल म्हणाला.

त्याच क्षणी लाकडांच्या ढिगाऱ्यामागून एका घोरपडीनं जीभ बाहेर काढली. घोरपड कसली, मगरीची आत्याच ती! गेल्या साली तिनं अर्धी कोंबडी पळवली होती, तीही पातेल्यासकट.

“हॅम घळीत येणार,” आयव्हीनं निकाल दिला. “एवढं गार कपाट देवानं फुकट दिलंय, ते कशासाठी?”

हॅम प्लास्टिकच्या पिशवीत घालून उशीच्या अभ्र्यात बांधलं. अभ्रा नेव्हिलचा होता. ते कळायला काहीच अडचण नव्हती, कारण रॉझलिन घरातल्या प्रत्येक वस्तूवर नावाची पट्टी शिवत असे. उशी, टोपी, गादी, स्वेटर. नवरा चुकून दुसऱ्यांच्या सामानात गेला असता, तरी संध्याकाळपर्यंत परत आला असता.

घळीत शिरल्यावर मात्र आयव्हीची कळी खुलली. दोन्हीकडे लाल खडकांच्या भिंती, वर आकाशाची एक चिंधी आणि खाली काळंभोर पाणी. एकदा पहिल्या खडकावरून उडी मारली, की मागे फिरायला वाट नाही. सरळ शेवटच्या पुलापर्यंत जायचं. आयव्हीनं नाक दाबलं, “हॅरल्ड, बघ रे!” म्हणून दिवंगत नवऱ्याला साद घातली आणि धाडकन उडी टाकली. कुणीही ढकललं नाही! डॉटनं खाली मान घालून ते कबूल केलं.

अडचण आली ती नेव्हिलची. तो खडकावर उभा राहून पाण्याकडे असा बघत होता, जणू पाणी त्याच्याकडे भरपाई मागायला आलंय.

“खोली किती असेल?”

“मार रे उडी! खोली खाली गेल्यावर कळते!” आयव्ही ओरडली.

नेव्हिलनं टोपी आणि हॅम आपल्या गादीवर ठेवलं, गादी अलगद पाण्यात सोडली आणि दोर डॉटच्या हाती दिला. मग डोळे मिटून उडी मारली. तो वर आला तेव्हा किंचाळत होता. पण ते किंचाळणं भीतीचं नव्हतं!

“पुन्हा!” तो म्हणाला. “मला पुन्हा मारायचीय!”

सगळे त्याच्याकडे बघतच राहिले. डॉटनं तर टाळ्या वाजवल्या. दोन्ही हातांनी! आणि दोर सुटला.

गादी प्रवाहाला लागली. त्यावर टोपी घातलेलं हॅम एखाद्या साहेबासारखं ऐटीत बसलं होतं. चौघांनी आरडाओरडा केला, पाणी तुडवलं. पण गादी पुढच्या वळणावर एका प्रचंड शिळेखाली शिरली आणि दिसेनाशी झाली.

“अडकली आत,” डॉट म्हणाली. “गेलं हॅम.”

“तुला एक दोर धरता येत नाही?”

“मग टाळ्या काय पायांनी वाजवू?”

आयव्हीनं त्या शिळेकडे एकदा हळहळून बघितलं, पण पैज हॅमची नव्हती, घळीची होती. ती पुढे निघाली. नेव्हिल तिच्या गादीचं टोक धरून पोहत होता आणि दिसेल त्या खडकावर चढून उड्या मारत होता. मध्ये उन्हाचा एक कवडसा पडलेला सपाट दगड मिळाला, तिथे बसून त्यांनी काटक्या पेटवल्या, चहा उकळला, गाणी म्हटली. घाई कुणाला होती?

पुलाजवळ बाहेर आले, तर तिथे ही गर्दी! बचाव पथकाची गाडी, दोरांची वेटोळी, दहा-पंधरा माणसं आणि कुठेही संकट आलं की आपोआप उगवणारं ते लांब टेबल. टेबलावर चहाची किटली आणि सँडविचचे डोंगर. बाजूला ताडपत्रीखाली काहीतरी झाकून ठेवलं होतं.

“काय झालंय?” नेव्हिलनं विचारलं.

पथकाचा म्होरक्या लेस यानं टोपी काढली. “वाईट बातमी आहे, दोस्ता. एक माणूस घळीत गेला. पुलाखाली पोहणाऱ्या पोरांना त्याचं सामान वाहत आलेलं सापडलं. तो नाही सापडला.”

“अरेरे! कोण होता?”

“घरच्यांना कळवल्याशिवाय नाव सांगता येत नाही. नियम आहे. तुम्हाला कुणी दिसलं का आत?”

“आमच्याशिवाय चिटपाखरूही नव्हतं.”

“म्हणजे तळाशी गेला,” लेस म्हणाला आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. नेव्हिलनं सर्वांत खाली घातली. “बिचारा!” तो म्हणाला. “विमा तरी असेल ना त्याचा?”

रॉझलिननं आईचा दंड धरला. तिचे डोळे भरून आले होते. “बघितलंस? धडधाकट माणूस गेला गं! पैज जिंकलीस तू, कबूल. पण माझ्या जिवाला घोर लावून तू इथे येणार का?”

आयव्हीनं घळीकडे बघितलं. हट्ट सोडायला ती तयार नव्हती, जिंकलेली पैज सोडायलाही तयार नव्हती. पण लेकीच्या डोळ्यांतलं पाणी तिला पेलवेना.

“बरं,” ती हळूच म्हणाली. “फ्लॅट तर फ्लॅट.”

टेबलामागच्या मॅव्हिसबाईंनी तिच्या हातात सँडविच ठेवलं. “खा गं बाई. धक्का बसला की पोटात काहीतरी हवं.”

आयव्हीनं मुकाट्यानं घास घेतला. चावला. थांबली. पुन्हा चावला. मोहरी... आणि आल्याचा जॅम!

“हे हॅम कुणाचं?”

मॅव्हिसबाई ओशाळल्या. “आता काय सांगू! त्या गेलेल्याचंच हो. गादीवर होतं. उन्हात नासून जाणार, वर घोरपडी टपलेल्या. म्हटलं, त्याला शोधायला निघालेल्यांच्याच पोटात गेलं, तर त्याच्या आत्म्यालाही बरं वाटेल.”

आयव्ही उभ्या जागी हसायला लागली. डॉटला वाटलं, हिला उन्हानं चक्कर आली.

“रॉझलिन!” आयव्ही ओरडली. “कोण मेलंय ते मला कळलं! तुझा नवरा!”

“आई!”

“ती ताडपत्री उचला!”

ताडपत्री उचलली. खाली गादी, टोपी आणि रिकामा अभ्रा. तिन्हींवर ठसठशीत नाव: नेव्हिल पिलबीम.

“अरे, हे तर माझं!” नेव्हिल आनंदानं म्हणाला.

लेसचा विश्वास बसेना. मेलेल्या माणसानं असं चहा पीत उभं राहणं त्याच्या नियमात बसेना. “तूच तो, याला पुरावा काय?”

रॉझलिननं नवऱ्याची कॉलर उलटी केली. “हे बघा नाव. आणि चड्डीच्या पट्ट्यावरही आहे, दाखवू?”

“नको, नको! पटलं!”

मग जो जल्लोष झाला! दहा-पंधरा दांडग्या गड्यांनी नेव्हिलला खांद्यावर घेतलं, पाठीत धपाटे घातले, ब्लँकेटमध्ये गुंडाळलं. नेव्हिलसाठी आजवर कुणी एवढा आनंद केला नव्हता. कचेरीत तो रजेवर असला, तर ते दुसऱ्या आठवड्यात लक्षात येई.

आयव्हीनं गर्दीत लेकीला गाठलं. “आता सांग, बचाव पथक कुणासाठी आलं?”

“...नेव्हिलसाठी.”

“माझ्यासाठी?”

“नाही गं बाई,” रॉझलिन रडता रडता हसली. “पण मला अजूनही धाकधूक वाटते.”

“कसली धाकधूक?” खांद्यांवरून नेव्हिल गरजला. “फ्लॅट रद्द! पुढच्या नाताळालाही इथेच!”

आयव्हीला वाटलं, धावत जाऊन जावयाचा मुका घ्यावा. पण तो पुढे बोलतच होता.

“आणि ही घळ पुरे झाली. लेस म्हणतो, वरच्या डोंगरात खरी घळ आहे! दोरावरून कड्याखाली उतरायचं, मग काळोखात पोहायचं. मी पुढे, आई माझ्या मागे! त्याआधी रोज पहाटे दोघांनी टेकडी चढायची. पुढच्या आठवड्यापासूनच, काय आई?”

सगळे आयव्हीकडे वळले. तिला बरंच काही बोलायचं होतं. पण तोंडात तिचंच हॅम होतं, आणि मेलं झालंही होतं इतकं सुंदर, की घाईघाईत गिळवेना.