पुस्तकात असा शेवट नाही

आत्मारामजी ठवकर सिनेमाला जाताना दोन वस्तू बरोबर नेत. ज्या कादंबरीवरून सिनेमा काढला ती कादंबरी, आणि बॅटरी. अंधारात बॅटरी पेटवून ते पडद्यावरचा प्रसंग पुस्तकाशी ताडून पाहत. मागून "ए चाचा, बत्ती बुझा" असा ओरडा झाला की मागे वळून शांतपणे सांगत, "पुस्तकात असं नाही." एवढं कळल्यावर मागच्या माणसाचं समाधान होईल असं त्यांना मनापासून वाटे. ते कधीच झालं नाही.

आम्ही दोघं सीताबर्डीजवळच्या एका वाचनालयात नोकरीला होतो. ते ग्रंथपाल, मी त्यांच्या हाताखाली पुस्तकांची देवघेव सांभाळणारा कारकून. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. त्या सुमारास मुंबईवाल्यांना जुन्या कादंबऱ्यांचा शोध लागला होता. श्रीमंताची मुलगी, गरिबाचा मुलगा आणि मध्ये आडवा पडलेला बाप, एवढं ज्या पुस्तकात सापडेल त्याचा हिंदी सिनेमा निघत होता. आमच्याकडे वर्षानुवर्षं धूळ खात पडलेली पुस्तकं एकदम मागणीत आली. मला बरं वाटलं. आत्मारामजींना मात्र सुतक लागलं.

"आधी पाहून येतात आन् मंग पुस्तक मागतात," ते म्हणत. "आधी वाचा ना गा. उलटं काहून?"

हा उलटा क्रम सुलटा करायला ते एकदा टॉकीजच्या रांगेतच जाऊन उभे राहिले, बगलेत वाचनालयाचं रजिस्टर आणि पिशवीत पुस्तकं घेऊन. खेळ तीनचा, वाजलेले अडीच, आणि हे लोकांना चारशे पानांची कादंबरी देऊ करत होते. एकाने घेतली. आत जाऊन त्याने ती शेजारच्या खुर्चीवर ठेवली, दोस्ताची जागा धरायला. आत्मारामजी आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. जसं काही ती जागा मीच धरली होती.

घरी ते आणि त्यांची धाकटी बहीण कमलताई. पारशिवनीकडचं गाव सोडून दोघं शहरातल्या महाल भागात दोन खोल्यांत राहत होते. लग्न दोघांनीही केलं नव्हतं. कमलताई मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. सिनेमाला ती कधी जात नसे, कारण आत्मारामजी पाहिलेला प्रत्येक सिनेमा घरी येऊन सांगत, दुरुस्त्यांसकट. ती मेथी निवडता निवडता ऐकायची आणि अधूनमधून विचारायची, "मंग पुढे काय झालं?" मी एकदोनदा तिथे जेवायला होतो. इतकं उदास घर मी दुसरं पाहिलं नाही, आणि दोघांत भांडण म्हणून कसलं नव्हतं.

सगळ्या पुस्तकांत त्यांचं एक लाडकं होतं. त्याचं खरं नाव कोणी घेत नसे. वाचक येऊन 'मालगुजारवाली कादंबरी' मागत. पारशिवनीकडच्याच एका मालगुजाराची, म्हणजे जमीनदाराची, मुलगी, तिच्या बापाच्या कचेरीत बसणारा कारकून, दोघांचा जीव जडतो, आणि शेवटी तो कारकून एक शब्दही न बोलता गाव सोडून जातो. ती त्या मोठ्या घरात एकटी म्हातारी होते. आत्मारामजींना हे पुस्तक जवळजवळ पाठ होतं. त्याच्यावर सिनेमा आला तेव्हा ते पहिल्याच दिवशी बॅटरीत नवे सेल घालून गेले.

दुसऱ्या दिवशी मी चुकांची यादी ऐकायच्या तयारीने बसलो होतो. सुरुवात झोकात झाली. "बैलाच्या दमणीच्या जागी मोटार आणली. ठीक. पोरगी बर्फात नाचून राहिली. मले सांग मधुकर, पारशिवनीच्या बाजूले बर्फ कधी पडला?" मी हसलो. ते हसले नाहीत. "आन् शेवट बदलला त्याहीनं. लगन लावून देल्लं."

मुंबईवाले दुसरं काय करणार, असं मी म्हणालो. पण हा राग नेहमीचा नव्हता. त्यांचा चेहरा उतरला होता. पुढे कळलं की घरी त्यांनी सिनेमाचा शेवट पुस्तकातलाच सांगितला होता. दुरुस्त्या सांगणारा हा माणूस त्या दिवशी पहिल्यांदाच खोटं बोलला असं मला वाटलं. तेही चूक होतं.

खरा शेवट कमलताईला शिवणाच्या वर्गातल्या मुलींनी सांगितला. चारपाच दिवसांनी ती स्वतः वाचनालयात आली आणि म्हणाली, "मधुकर, त्या सिनेमाचं तिकीट आणून देजो. दादाले सांगितलं तरी चालते." मी उत्साहाने तिघांची तिकिटं काढून आणली. आपण मोठं चांगलं काम केलं असं मला वाटत होतं.

आत्मारामजींनी मला मागच्या पुस्तकांच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"काहून आणले तू तिकिटं?" म्हणाले. मग कपाटाशी पाठ टेकून बोलू लागले. "वीस-बावीस वर्षं झाले. कापडाच्या मिलमंधी साच्यावर काम करे तो. माणूस चांगला होता. कमलसाठी दोनदा घरी आला. मी त्याले ओसरीवरूनच वापस पाठवलं. म्हटलं, आमची शेती आहे, आमी मिलवाल्याले पोरगी देत नाही. आन् तिले सांगतलं, का त्यानं दुसरीकडे जमवलं."

त्यांनी वळून कपाटातली मालगुजारवाली कादंबरी काढली.

"मंग हे पुस्तक घरी नेलं. रोज थोडं थोडं वाचून दाखवलं तिले. अशा गोष्टी अशाच संपतात, हे तिले समजावं म्हणून."

मला त्यांचा संताप आला आणि त्याच क्षणी दयाही आली. आता तिकिटं फाडून टाकायची तर तिला कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगायची त्यांची हिंमत नव्हती.

बुधवारी तीनच्या खेळाला आम्ही गेलो. बायकांची बसायची बाजू वेगळी होती, म्हणून कमलताई पलीकडे आणि आम्ही दोघं इकडे. आत्मारामजींनी बॅटरी पेटवली नाही, पुस्तकही उघडलं नाही. पडद्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. अडीच तास ते मान वळवून बायकांच्या बाजूकडे पाहत होते, आणि त्या अंधारात त्यांना काही दिसत असेल असं मला वाटत नाही. शेवटी लग्न लागलं, लोकांनी शिट्ट्या मारल्या, दिवे लागले.

कमलताई फाटकाशी आमची वाट पाहत होती. तिचे डोळे कोरडे होते. थोडं चालल्यावर ती म्हणाली, "असंबी होऊ शकत होतं, दादा."

आत्मारामजी थांबले. "हो," म्हणाले. "त्यानं दुसरीकडे जमवलं नव्हतं वं, कमल. मीच त्याले वापस पाठवलं."

"माहीत आहे मले."

"केव्हापासून?"

"तेव्हापासून. त्यानं चिठ्ठी पाठवली होती."

"मंग तू बोलली काहून नाही?"

"तुह्या तोंडून ऐकाचं होतं. तू सांगशील म्हणून मी थांबली." तिने पदर खांद्यावरून सारखा केला. "तोबी चार वर्षं थांबला."

ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली. आत्मारामजी होते तिथेच उभे राहिले. मी त्यांच्या दंडाला हात लावला. पलीकडे पोचल्यावर कमलताईने मागे वळून पाहिलं, आणि ती तिथेच उभी राहिली, ते येईपर्यंत. रस्ता फार रुंद नव्हता. आत्मारामजींना तो ओलांडायला फार वेळ लागला.