पिवळ्या तांदळांचे टॅग

"आई, यंदा तुझं वाण अख्खं गाव डोक्यावर घेऊन नाचंल!" सायलीने छाती ठोकून सांगितलं. गाव नाचलं, यात खोटं काही नाही. पण वाण राहिलं बाजूला आणि डोक्यावर बसली सायली!

संभाजीनगरच्या अभ्यासिकेतून ती संक्रांतीला घरी आली होती, ती तापलेल्या तव्यासारखीच. एसटीतून उतरल्यापासून जो भेटेल तो एकच विचारी, "कधी उरकताय?" तिच्याजवळ मात्र वडिलांचा शब्द होता. सुंदररावांनी, म्हणजे तिच्या अण्णांनी, साऱ्या भावकीसमोर सांगून टाकलं होतं, "परीक्षा होईस्तोवर पोरीच्या लग्नाचं नाव काढायचं न्हाई!" त्या एका शब्दावर तिचा अभ्यास चालला होता, आणि भावकी तो शब्द मोडायची वाटच बघत बसली होती.

छबुबाई, म्हणजे सायलीची आई, दरवर्षी हळदीकुंकवाला स्टीलची वाटी वाटायची. यंदा प्रत्येक वाटीला हाताने केलेला टॅग बांधायचा, असं सायलीने ठरवलं. गोणपाटाचे तुकडे, आईच्या जुन्या इरकलीचा काठ, पतंगाचा लाल कागद, काळी बटणं, सगळं जमलं. राहिले पिवळे मणी! त्यासाठी ती जवळच्या कडा गावच्या बाजारात गेली.

"पिवळे न्हाईत," दुकानदार म्हणाला. "मंगळसूत्राचे काळे हायेत. देऊ का? लागतीलच की आता!"

सायली पाय आपटत घरी आली. मूठभर तांदूळ घेतले, हळदीत घोळवले, वाळवले आणि लाल कागदावर चिकटवून टाकले. टॅग असे देखणे झाले की तिचा राग घटकाभर निवला. छबुबाई तिळाच्या पोळ्या लाटत होती. तिने मान वर न करताच "लई भारी!" म्हटलं.

संध्याकाळी बायका आल्या. वाटी घेतली की टॅगकडे बघायच्या, मग सायलीकडे बघायच्या आणि पदराआड हसायच्या. शेजारच्या मोहिनीकाकूंनी तर तिचा गालगुच्चाच घेतला.

"छुपी रुस्तम गं बाई! कुणी जमवलं हे?"

"माझं मीच जमवलं!" सायली फुशारली. "कुणाला इचारलंसुदिक न्हाई!"

"आगं बया! आन् अण्णाला माहीत हाय का?"

"अण्णांना काय सांगायचं त्यात? बघतील की!"

मोहिनीकाकू घरी गेल्या नाहीत, गावभर गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मराज मांडववाला टेप घेऊन अंगणात हजर! सुंदरराव चहा पीत होते.

"अण्णा, मांडव केवढा टाकायचा?"

"कशाचा मांडव रं?"

"आता लपवता कशाला? घरोघर लाल कागदावर पिवळ्या अक्षता दिल्यात! लग्नाशिवाय कुणी अक्षता वाटतं व्हय?"

सुंदररावांचा चहा बशीतच राहिला. "सायलेऽऽ! कोण हाय त्यो?"

"कोण कोण?" सायली पुस्तक हातात घेऊनच बाहेर आली. सगळं कळल्यावर मात्र तिचा भडका उडाला. "तांदूळ हायेत ते! नुसते तांदूळ! मणी मिळाले न्हाईत म्हणून!"

तेवढ्यात भावकीतून फोन आला. शब्द मोडलाच आहे, तर आमच्या पाहुण्यातलंही एक स्थळ बघून घ्या! सुंदररावांनी फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला. ते बघून सायली स्वतःवरच चरफडली. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता!

मग तिने कडक उपाय काढला. पांढरे टॅग कापले. तांदूळ नाहीत, लाल कागद नाही, काठ नाही. त्यावर फक्त ठसठशीत अक्षरं: "या घरात लग्न नाही." गठ्ठा आईच्या हातात दिला. "तिळगूळ द्यायला जातीसच, तर हे बी दे घरोघर!"

दुपारी मोहिनीकाकू नवंकोरं पातळ आणि टॉवेल-टोपी घेऊन दारात. मागे अर्धी गल्ली.

"काकू, टॅग वाचला न्हाई का?" सायली किंचाळली.

"हळदकुंकू लावलेला कागद वाचायचा कशाला? आम्हाला कळतंय की! तारीख तेवढी सांग."

सायलीने कागद हिसकावला. चारी कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटं! लग्नपत्रिकेला लावतात तशी!

"आईऽऽ!"

"मग काय सणासुदीचा कोरा कागद देऊ लोकांला?" छबुबाई उलट तिच्यावरच कडाडली. "अभद्र दिसतंय ते!"

आता मात्र सुंदरराव उठले. ओट्यावर उभे राहून त्यांनी असा आवाज लावला की झाडावरचे कावळेही उडाले.

"ऐका रे! माझ्या पोरीचं लग्न न्हाई, परीक्षा हाय! तवर ह्या दारात लग्नाचं नाव काढंल त्याची गाठ माझ्याशी हाय! आन् पोरगी पास झाली की अख्ख्या गावाला जेवण!"

सायलीचे डोळे भरून आले. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिला कुणाचाच राग आला नाही. वडिलांचा शब्द शाबूत होता!

"मग निकाल कवा हाय, अण्णा?" धर्मराजने टेप अंगणात पसरला. "मांडव तवाच टाकू."

"आमी बी आहेर तवाच आणू," म्हणत मोहिनीकाकूंनी टॉवेल-टोपी काखेत मारली. "बुंदी करा बरं का!"

सायली मुकाट्याने आत गेली आणि पुस्तक उघडून बसली. लग्न एक वेळ मोडता येतं हो, गावजेवण कसं मोडणार!