खैरदरीला माजी सरपंच हवा होता

यवतमाळ जिल्ह्यातल्या खैरदरी गावाला स्वतंत्र ग्रामपंचायत मिळाली, त्या दिवशी पेढे वाटले गेले, फटाके फुटले आणि देवराव पहिले सरपंच म्हणून गुलालात न्हाऊन निघाले. या गडबडीत एक गंभीर उणीव कोणाच्याही लक्षात आली नाही. गावाला सरपंच मिळाला होता, पण माजी सरपंच नव्हता.

सुरुवातीला त्यावाचून काही अडलं नाही. देवरावांनी नाल्यावर रपटा, म्हणजे ठेंगणा फरशीपूल, मंजूर करून आणला, त्यांच्या साळ्यानं तो बांधला आणि नारळ देवरावांनीच फोडला. पहिल्याच मोठ्या पुरात रपटा वाहून गेला. उद्घाटनाची पाटी मात्र जागच्या जागी उभी राहिली, कारण ती बसवताना सिमेंट वापरलं होतं.

नाला खोल, काठ उभे आणि डांबरी सडक पलीकडे. व्यापाऱ्याची गाडी गावात येईना आणि गावाचा कापूस बाहेर जाईना. एक तर ते बोंडअळीचं साल, भाव पडलेला. भाव वाढेल म्हणून ज्यांना थांबायचं होतं ते थांबले, आणि ज्यांना थांबायचं नव्हतं तेही थांबले. घराघरांत आढ्याला टेकेल इतका कापूस साचला. उन्हाळा लागला तशी त्यात बारीक कीड झाली आणि सगळं गाव खाजवायला लागलं.

बाबारावांच्या घरात तर पाय ठेवायला जागा उरली नव्हती. त्यांची बायको इंदूबाई अंथरूण घेऊन बकऱ्यांच्या गोठ्यात राहायला गेली होती. तिच्या दोन्ही हातांवर लाल चट्टे उठले होते.

"मिरग लागायच्या आत हा कापूस घरातून काढा," ती म्हणाली. "घर गळते. एकदा का तो भिजला, त कापूसही गेला अन् मीही गेली."

"नाल्यावर उतार काढला त बैलबंडी जाईन," बाबाराव म्हणाले. "पण रपटा सरकारी हाये. आपण हात लावला, अन् उद्या काही झालं, त नाव आपलं येते."

गावातला प्रत्येक जण हेच म्हणत होता. आपलं नाव यायला नको, यावर खैरदरीचं एकमत होतं.

अखेर तालुक्याच्या कचेरीतले साहेब ग्रामसभेला आले. पँटला चिखल लागू न देता नाला ओलांडायला त्यांना बराच वेळ लागला.

"रपटा कोणाच्या काळात बांधला?" साहेबांनी विचारलं.

"माह्याच," देवराव म्हणाले.

"आणि वाहून कोणाच्या काळात गेला?"

"तोही माह्याच."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "असं कसं चालेल? आधी जबाबदारी निश्चित व्हायला हवी, मग दुरुस्ती. पदावर असलेल्या माणसावर ती निश्चित करता येत नाही, कारण निश्चित करण्याचा अधिकार त्यालाच असतो. तुमच्या आधी कोण होतं?"

"कोणीच नाही जी."

साहेबांनी देवरावांकडे अशा नजरेनं पाहिलं, की देवरावांना आपण पोरके असल्याची पहिल्यांदाच जाणीव झाली.

पूर्वी खैरदरी ज्या गटग्रामपंचायतीत होती, तिचे सरपंच होते म्हणा. पण ते मधल्या काळात देवरावांच्याच पक्षात आले होते आणि येताक्षणी निर्दोष झाले होते. तेव्हा साहेबांनीच मार्ग काढला. गावानं एक माजी सरपंच पूर्वलक्षी प्रभावानं नेमावा. निवडणुकीची गरज नाही, कारण माजीला काही करायचंच नसतं.

"कोण तयार हाये?" देवरावांनी विचारलं.

सभेनं माना खाली घातल्या. तेवढ्यात बाबारावांच्या पाठीत, जिथं हात सहज पोचत नाही नेमक्या तिथं, खाज सुटली. त्यांनी हात खांद्यावरून वर नेला.

"बाबारावजींचा हात वर आला," देवराव म्हणाले. सभेनं टाळ्या वाजवल्या.

बाबाराव नाही म्हणू शकले असते. त्यांनी तोंड उघडलंही होतं. पण कोणीतरी पुढच्या रांगेत खुर्ची मांडली आणि गळ्यात झेंडूचा हार पडला. बाबारावांनी आयुष्यभर प्रत्येक सभा मागच्या रांगेत, चपला सांभाळत ऐकली होती. तोंड त्यांनी पुन्हा मिटलं, आणि इथंच त्यांची चूक झाली.

रात्री ते हार घेऊन गोठ्यात गेले.

"तुमी सरपंच होते कवा?" इंदूबाईनं विचारलं. "मले काहून नाही सांगतलं?"

"आता दोष ठरला, म्हणजे रपटा होते. साहेब बोलले."

"अन् तुमचं नाव?"

"नावाले काय होते?" बाबाराव म्हणाले. हार एका बकरीनं खायला घेतला होता, तो त्यांनी तिच्या तोंडातून सोडवला.

पहिले काही दिवस बरे गेले. चहाच्या टपरीवर लोक जागा देऊ लागले. मग देवरावांनी कामाला हात घातला. रपटा माजी सरपंचांच्या काळात वाहून गेला होताच. रस्त्यावरचा दिवाही त्यांच्याच काळात बंद पडला होता. हातपंपाला गढूळ पाणी येत होतं, त्याचं मूळ त्यांच्या धोरणात सापडलं. पुढं बोंडअळीही त्यांच्या कार्यकाळात गावात शिरल्याचं निष्पन्न झालं. एका सभेत देवरावांचा आवाज भरून आला. एवढा विस्कटलेला वारसा मिळूनही आपण उभे आहोत, असं ते म्हणाले, तेव्हा बायाबापड्यांनी डोळ्यांना पदर लावले.

मौज म्हणजे गावाला हळूहळू सगळं आठवू लागलं. बाबारावांसोबत ज्यांनी गुरं राखली होती, ते बापूजी पारावर सांगू लागले, "याच्या काळात मी दाखल्यासाठी गेलतो. चार चकरा मारल्या, पण यानं वर पाह्यलं नाही."

"बापूजी, त्या काळात आपण दोघं एकाच बांधावर भाकर खात होतो," बाबाराव म्हणाले.

"म्हणूनच त जास्त लागलं मनाले," बापूजी म्हणाले आणि उठून पलीकडे जाऊन बसले.

लग्नाच्या पंगतीत वाढप्या त्यांना टाळून पुढं जाऊ लागला. तिकडे त्यांची कीर्ती वाढत होती. उमरखेडकडच्या एका ग्रामपंचायतीनं निरोप पाठवला, की आमचे माजी फार सज्जन निघाले, त्यांच्या माथी काही चिकटतच नाही, तरी तुमचे आठवडाभर मिळतील का. देवरावांनी नकार कळवला. असा माणूस गावाबाहेर देणं धोक्याचं होतं.

मृग तोंडावर आला, तरी रपट्याचं नाव नव्हतं. बाबाराव देवरावांच्या दारात जाऊन उभे राहिले.

"दोष त माह्यावर आला. आता रपटा बांधा."

"भाऊ, कसा बांधू?" देवराव कळवळून म्हणाले. "तो तुटला हाये, हाच तुमच्या विरुद्धचा पुरावा हाये. तो मिटवला, त उद्या तुमी म्हणान, मी काही केलंच नाही."

ते नुसतं बोलत नव्हते. नाल्याच्या काठावर त्यांनी लाकडी कठडा केला आणि पाटी लावली: 'माजी सरपंचांच्या कारभाराचे अवशेष. हात लावू नये.' बाहेरचे पुढारी ते पाहायला येऊ लागले. त्यांना सावलीत उभं राहता यावं म्हणून पत्र्याची शेड झाली, आणि शेडपर्यंत येता यावं म्हणून पलीकडच्या काठापर्यंत पक्का रस्ता झाला. तेवढा नाला मात्र आहे तसा जतन केला.

एका संध्याकाळी आभाळ भरून आलं. इंदूबाई गोठ्यातून घरात आली आणि कापसाच्या ढिगावर ताडपत्री ओढू लागली. ताडपत्री अर्ध्यावरच संपली. ती ढिगाला टेकून खाली बसली आणि चट्टे उठलेल्या हातांकडे पाहत राहिली. बाबारावांना तिची बोलणी ऐकायची सवय होती, ही गप्प बसलेली इंदूबाई त्यांना सहन झाली नाही.

सकाळी त्यांनी कुदळ आणि घमेलं घेतलं. कठडा ओलांडून ते नाल्याचा काठ तासू लागले. इंदूबाई मागून दगड टाकत होती. खबर लागताच देवराव धावत आले.

"पुराव्याले हात लावून राह्यले तुमी!"

"दोष माहाच हाये ना?" बाबाराव म्हणाले. "सारं गाव म्हणते. मंग भरून काढणंही माहंच काम हाये. तुमच्याकडं कुठं काही दोष हाये, म्हणून तुमी खाली उतरान?"

देवराव शेडच्या सावलीत जाऊन उभे राहिले. बाकीचे लोक काठावर बसून, आपलं नाव येणार नाही इतक्या अंतरावरून, दगड कुठं टाकावा हे सांगत राहिले.

उतार तयार झाला. पहिली बैलबंडी बाबारावांची गेली, मागोमाग सगळ्या गावाचा कापूस गेला. भाव पडेल तो मिळाला, पण घरं मोकळी झाली आणि पाऊस रिकाम्या घरांवर पडला. इंदूबाई घरात परत आली. दुसऱ्या दिवशी देवरावांनी उताराचं उद्घाटन केलं.

निवडणूक लागली तेव्हा बाबारावांनी अर्ज भरला. एकदा खरंच सरपंच होऊन पाहावं, असं त्यांना वाटलं. देवरावांनी प्रचारात एकच प्रश्न विचारला: "हा माणूस आधी होता, तवा यानं काय केलं?"

मतदान पलीकडच्या गावात होतं. सगळं गाव बाबारावांनी काढलेल्या उतारावरून गेलं, देवरावांना मत दिलं आणि त्याच उतारावरून परत आलं.

मग देवरावांनी तो उतार उखडून त्या जागी नवा रपटा मंजूर केला. साळ्यानं तो बांधला, पावसानं तो नेला. पाटी राहिली. पुढच्या उन्हाळ्यात घरं पुन्हा कापसानं भरली, आणि इंदूबाई पुन्हा बकऱ्यांत गेली.

साहेब पुन्हा आले. "यावेळी तुमच्या आधी कोण होतं?"

"मीच," देवराव म्हणाले आणि पांढरे पडले.

खुर्ची मांडलेली होती, हारही तयार होता. देवरावांनी तो बाबारावांपुढं नेला, पण बाबाराव मागच्या रांगेतल्या चपलांजवळून हलले नाहीत.

"एकदा घेतला दोष, अन् भरूनही काढला," ते म्हणाले. "आता माह्याकडं काही शिल्लक नाही."

साहेबांनी विचार केला. "मग जबाबदारी निवडून देणाऱ्यांवर जाते. यांना कोणी निवडून दिलं?"

"आमी नाही," सभा एकदिलानं म्हणाली. "मागच्या वेळच्या मतदारांनी."

"मागच्या वेळचे म्हणजे कोण?" इंदूबाई मागून म्हणाली. "तुमीच होते ना, बाप्पा?"

अंगाला भयंकर खाज सुटली होती, पण एकाचाही हात खांद्याच्या वर गेला नाही. शेवटी असा ठराव झाला, की गावात माजी मतदार उपलब्ध नसल्यानं तो बाहेरून मागवावा. साक्षर असावा. वाचता वाचता हसणारा असल्यास उत्तम.

तेव्हा आत्ता वाचताना खाजवायला तुमचा हात मानेकडे गेला, तो सभेनं पाहिला आहे. या, बसा. खुर्ची पुढच्याच रांगेत आहे.