खवल्या आला कुठून?

बसा खाली. हौस म्हणून सांगत नाही मी. वाचनालयाच्या शिंत्रेबाई तीनदा घरी आल्या, चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "काका, मुलांना काहीतरी बोधपर सांगा." चौथीत शाळा सोडलेल्या माणसाकडे कसला बोध? बोटीवर खलाशी होतो तेव्हा मलायाच्या बंदरात एक गोष्ट ऐकली होती, तेवढी सांगतो. मध्ये बोलायचं नाही.

तर तिकडं मलायात, समुद्राला लागून एक जंगल होतं. राज्य बगळ्यांचं. गोरे बगळे, लांबून आलेले. कथील खणायला त्यांनी उत्तरेकडून पाणमांजरं आणली. रबराच्या झाडांना चिरा द्यायला आपल्याकडची मुंगसं नेली. धनेश पक्षी तिथं आधीपासून होते. त्यांना म्हणाले, "तुम्ही आराम करा." मग एक दिवस बगळे कंटाळले आणि उडून गेले. जाताना सांगून गेले, "आता तुम्ही सगळे एक व्हा."

एक व्हायचं तर आधी कोण कोण आहे ते बघायला हवं. धनेशांनी कायदा केला. जो धनेशाची बोली बोलेल, धनेशाच्या रीतीनं वागेल, धनेशाची प्रार्थना म्हणेल, तो धनेश. धनेश तो भूमिपुत्र. त्याला बिल्ला. बाकीच्यांनी राहावं, पण वरची फांदी मागू नये.

समोरच्या बेटावरून आलेलं एक माकड तिन्हीत पास झालं आणि धनेश झालं. त्याला उडता येत नव्हतं. पण उडायचं कायद्यात कुठं लिहिलं होतं?

त्याच जंगलात जमिनीखाली एक खवलेमांजर राहायचं. नाव खवल्या. बायको खवली, आणि तिच्या शेपटीवर बसलेलं पिल्लू. त्यांचं बीळ पणजोबाच्या पणजोबानं उकरलेलं. बगळ्यांच्या आधीचं, धनेशांच्याही आधीचं.

दवंडी आली. पुनवेपर्यंत ज्याला बिल्ला नाही, त्याचं घर बिल्लेवाल्याला मिळणार. खवली म्हणाली, "अहो, जा एकदाचे त्या कचेरीत. सगळं जंगल जाऊन आलं, आपण मुंग्याच खात बसलोय."

कचेरी म्हणजे झाडाची ढोली. धनेशाची बाई अंड्यांवर बसली की ढोलीचं तोंड लिंपून घेते, चोच निघेल एवढीच फट ठेवते. ती फट म्हणजे खिडकी, आणि ती बाई म्हणजे कारकून. पिल्लं मोठी होईपर्यंत बाहेर येत नाही. कित्येक महिन्यांत तिनं जमीन बघितली नव्हती. खातं मात्र जमिनीचंच.

खवल्या बोली शिकला होता, त्यानं प्रार्थना पाठ केली होती. तो रांगेत उभा राहिला.

"कुठून आलात?" चोच म्हणाली.

"इथलाच."

"ते सगळेच म्हणतात. आलात कुठून?"

"आलो नाही, बाईसाहेब. होतोच."

"'होतोच' असा रकाना नाही. पुढचा कोण?"

मागं माकड उभं होतं. ते म्हणालं, "अरे येड्या, लिही की समोरच्या बेटावरून. माझा आजा ओंडक्यावर बसून आला, तेच लिहिलं मी."

"माझा आजा ह्याच बिळात मेला रे."

"मरू दे. आला कुठून ते सांग."

दुसऱ्या दिवशी खवल्या खोटं सांगायला गेला. पण खवलेमांजर घाबरलं की त्याचा गोळा होतो. खिडकीपुढं त्याचा असा गोळा झाला की दुपारपर्यंत रांग खोळंबली. पाणमांजरांनी ढकलून बाजूला केला.

खोटं जमत नाही, मग खरं करू, असं त्यानं ठरवलं. ओंडका धरून समोरच्या बेटावर गेला, पाय लावला आणि परत आला. ओलाचिंब तसाच खिडकीवर.

"कुठून आलात?"

"समोरच्या बेटावरून!"

"शाबास. कधी?"

"आज सकाळी."

"म्हणजे उपरे." शिक्का बसला. "उद्या परत जा."

"आणि माझी बायको?"

"ती कधी आली?"

"आलीच नाही ती."

"मग नसलेल्या बाईचं मला काय विचारता?"

खवल्याला ओंडक्यावर बसवून धाडलं. बेटावरही ढोली होती आणि चोच होती.

"कुठून आलात?"

"समोरून."

"समोरून येतात तेच इथले मूळचे." लगेच बिल्ला. वर एक झाड मोफत.

खवल्या हरखला. एका मुंगसाबरोबर निरोप धाडला, 'पिल्लाला घेऊन ये. आपण भूमिपुत्र झालो.'

मुंगूस उत्तर घेऊन आलं. खवलीनं सांगितलं होतं, "पुनवेला माकड आपलं बीळ घ्यायला आलं होतं. कचेरीत गेलं, तर बाई म्हणाल्या, वहीत तिथं कुणी राहतच नाही, मग घर कुठलं आणि ताबा कसला? माकड गेलं हात हलवत. आम्ही इथं नाही आहोत आणि आमचं बरं चाललंय. तुम्ही मात्र येऊ नका. तुमचं नाव वहीत आहे. तुमच्या मागोमाग त्यांना बीळ सापडेल."

खवल्यानं बिल्ला पुसला आणि पुन्हा छातीला लावला. मग त्या मोफत झाडाखाली त्याचा गोळा झाला, तो बराच वेळ सुटला नाही.

तात्पर्य: मूळचे म्हणून मान हवा असेल तर लवकरात लवकर घर सोडा. घर हवं असेल तर आपण आहोत हे कुणाला कळू देऊ नका.

झाला बोध. निघा. मी ह्या गावात जन्मलो, तरी परवाच्या ग्रामसभेत एकजण मला चारचौघांत 'बोटीवरून आलेला' म्हणाला. त्यानं माफी अजून मागितलेली नाही. त्याचं नाव सांगून ठेवतो: रघुवीर घवाळी.